भर उन्हात कुडकुडणारी डुकरं

सोलापुरात मे महिन्यात डुकरं एकमेकांपासून लांब झोपतात. ज्याला त्याला ओली फरशी हवी असते, आणि अंगाला अंग लागलं की लगेच भांडणं होतात. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मी शेडच्या तिसऱ्या कप्प्यात डोकावले तर दोन महिन्यांची चौदा पिल्लं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून ढिगासारखी पडली होती. वरचा पत्रा तापलेला, पंखा गरम वारा फेकत होता, आणि ती कुडकुडत होती. मी आत जाऊन एक पिल्लू ओढून काढलं आणि थर्मामीटर लावला. एकशे सहाच्या वर ताप. दुसऱ्यालाही तेवढाच. कान उलटून पाहिले तर कडांना जांभळी झाक आली होती.

प्रशिक्षणात मिळालेल्या पुस्तकात असाच कान छापलेला होता. मी तिथंच फरशीवर बसले. पण रडले नाही, कारण रडायला लागले असते तर दुपार गेली असती.

मी डुकरं पाळणाऱ्यांच्या घरातली. जातीचं नाव इथं लिहीत नाही, आणि ते लाजेखातर नव्हे. ते नाव लोकांनी माझ्यासमोर शिवीसारखं इतक्यांदा वापरलंय की आता ते त्यांच्या हातात आयतं द्यायची माझी इच्छा नाही. वडिलांची डुकरं शहरातल्या नाल्याकाठी मोकळी फिरायची. काळी, केसाळ, हट्टी. कुणाचं डुक्कर कुठलं ते कानाला मारलेल्या चिरेवरून ओळखायचं. स्वाइन फ्लूची भीती पसरली होती त्या वर्षी मी आठवीत होते. बाईंनी मला शेवटच्या बाकावर एकटीला बसवलं, आणि मी जवळून गेले की मुली नाकाला रुमाल लावायच्या. आमच्या गल्लीत कुणाला साधी शिंकसुद्धा आली नव्हती. तेव्हा मी गप्प बसले, आणि ते गप्प बसणं मला अजून खुपतं.

लग्नानंतर कुंभारी गावाच्या अलीकडे आले. नवरा टॉवेलच्या कारखान्यात पाळीवर जातो. त्याच्या वाटणीला वीस गुंठ्यांचा खडकाळ तुकडा आला होता, ज्वारीसुद्धा धड येत नव्हती. मी म्हटलं, इथं शेड घालू, पांढरी डुकरं आणू, आणि नीट रीतसर पाळू. सासरच्यांनी तोंडं वाकडी केली. मी प्रशिक्षण घेतलं आणि नऊ डुकरिणी आणि एक नर आणला.

शेडचे नियम मी केले आणि मीच राबवले. फाटकाशी चुन्याच्या पाण्याचं टाकं, त्यात पाय बुडवल्याशिवाय आत यायचं नाही. हॉटेलांचं खरकटं गुऱ्हाळातून आणलेल्या जुन्या काहिलीत चांगलं उकळल्याशिवाय डुकरांपुढे जायचं नाही, कारण त्यात कुठल्या आजारी डुकराचं मांस असेल सांगता येत नाही. व्यापाऱ्याचा टेंपो रस्त्यावरच थांबायचा. आणि मोठ्या डुकरांना दर वर्षी तापाची लस.

वडिलांना हे सगळं फार गमतीचं वाटायचं. ते दिवसाआड शहरातून बसने यायचे, टाकं ओलांडून थेट कप्प्यात शिरायचे, डुकरिणीच्या पाठीवर थाप मारायचे. मी रागावले की म्हणायचे, "डुकराला काय धाड भरलीय? ते घाणीत जगतंय. त्याला कसला आलाय ताप." मी एकदा सांगायचे, दोनदा सांगायचे, तिसऱ्यांदा सोडून द्यायचे. चाळीस वर्षं डुकरं पाळलेल्या बापाला किती वेळा सांगणार?

त्या दुपारी मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. शेजारच्या शेतकऱ्यांकडे आलेले एक पाहुणे तेव्हा तिथंच होते. ते म्हणाले, अक्का, डॉक्टरला कळवू नका, सरकारी लोक आले की सगळीच मारून टाकतात. नवऱ्याचा भाऊही तेच म्हणाला. मी कळवलं.

डॉक्टर मोटरसायकलवरून आले. पन्नाशीचे, कमी बोलणारे. फाटकाशी त्यांनी स्वतःच्या पिशवीतले बूट चढवले, टाक्यात पाय बुडवले, आणि तासभर एकेक पिल्लू पाहिलं. तोवर दोन पिल्लांचे मागचे पाय लुळे पडायला लागले होते. बाहेर आल्यावर त्यांनी मला सरळ सांगितलं. दोन आजार असे आहेत की डोळ्याने पाहून वेगळे करता येत नाहीत. एक आपल्याकडचा जुना ताप, त्याला लस आहे. दुसरा अलीकडे देशात शिरलेला आफ्रिकन ताप, त्याला आपल्या हातात लस नाही. नमुने जातील, अहवाल येईल. दुसरा निघाला तर आजूबाजूच्या किलोमीटरभरातली सगळी डुकरं मारावी लागतील, आजारी असोत की धडधाकट.

"ताई, अहवाल येईपर्यंत इथून एक डुक्कर बाहेर जाता कामा नये," ते म्हणाले. "आणि दुसरीकडच्या डुकरांत वावरणारं माणूस इथं आत यायचं नाही. कुणी येतं का तसं?"

वडील दुसऱ्या दिवशी आलेच. मी त्यांना फाटकाबाहेरच अडवलं आणि विचारलं की तुमची डुकरं बरी आहेत का. ते बाभळीखालच्या दगडावर बसले. चप्पल काढली, परत घातली.

"सात गेली," ते म्हणाले. "आठ-धा दिसांत."

"मला का नाही सांगितलंत?"

"डुकरं मरत्यात की, पोरी. पैल्यापासनं मरत्यात. आमी काय दवंडी पिटायची?"

मी त्यांना म्हटलं, आबा, आजपासून तुम्ही या फाटकाच्या आत यायचं नाही. त्यांनी मला नाल्याकाठी पाठुंगळीवर घेऊन डुकरं राखली होती. आई गेल्यावर माझी वेणी त्यांनी घातली होती, वाकडी-तिकडी.

"बापाला भाईर काढतीस?"

"व्हय," मी म्हटलं.

ते उठले आणि बसथांब्याकडे चालू लागले. मी त्यांना हाक मारली नाही. हाक मारावीशी वाटत होती, तरी मारली नाही.

चौथ्या दिवसापर्यंत पाच पिल्लं मेली. नवऱ्याने पाळी बुडवून जेसीबीवाला बोलावला, तुकड्याच्या कडेला खड्डा घेतला. आम्ही दोघांनीच ती उचलून नेली, वर चुना टाकला, मीठ टाकलं, माती लोटली. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून नवऱ्याने वर दगड रचले. त्याने मला एकदाही विचारलं नाही की हे सगळं कशाला आरंभलंस. त्या दिवसांत मला त्याचं हेच सगळ्यात जास्त आवडलं.

आणि बातमी पसरली. सगळ्यात आधी व्यापारी आला. नेहमी आमच्याकडून माल उचलणारा, गोडबोल्या, चहाशिवाय जायचा नाही. त्याने टेंपो रस्त्यावर लावला आणि फाटकाशी येऊन सांगितलं की ज्यांना अजून ताप नाही ती सगळी आजच्या आज द्या, मी लांबच्या बाजारात काढतो, कुणाला पत्ता लागणार नाही. आसपासच्या दोघांनी त्याला कधीच माल दिला होता. तो टेंपोत भरलेला मला दिसत होता. जाळीतून नाकं बाहेर आली होती.

मी नाही म्हटलं. तो समजावत राहिला. उद्या सरकारी माणसं येऊन हीच डुकरं मारतील, मग हातात काय राहील? मी त्याला सांगितलं की मारायला आले तर फाटक मी स्वतः उघडीन, पण हा ताप माझ्या दारातून तुझ्या टेंपोत बसून चार तालुके फिरणार नाही. तो हसला, म्हणाला की ताप काय तुमच्या एकटीच्या अडवण्याने अडणार आहे का. मी म्हटलं, माझ्या दारात तरी अडेल.

तो गेल्यावर मात्र मी शेडमागे जाऊन बसले. माझ्या सगळ्यात जुन्या डुकरिणीचा आवाज येत होता, ती पाण्याची नळी दातांनी वाजवत होती. मला वाटलं, मी मूर्ख आहे. मग वाटलं, असू दे.

दोन दिवसांनी ग्रामपंचायतीचं बोलावणं आलं. सभा समाजमंदिरात होती, पंखे फुल्ल, चाळीसेक माणसं, बायका मागच्या भिंतीला. सरपंच तरुण, शिकलेले, आवाज चढवून कधी बोलत नाहीत. त्यांनी सांगितलं की वैनी, लोकांच्या तक्रारी आहेत, गावात रोग पसरेल अशी भीती आहे, तेव्हा शेड काही दिवस म्हणजे कायमचीच हलवता येईल का. 'काही दिवस म्हणजे कायमचीच' हे ते अगदी असंच बोलले, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

मी उभी राहिले. सांगितलं की डॉक्टर सांगून गेलेत, दोन्हींपैकी कुठलाही ताप असला तरी तो माणसाला होत नाही. म्हशीला होत नाही, शेळीला होत नाही. तो फक्त डुकराला होतो.

पुढच्या रांगेतले एक म्हातारे उठले. "मग तुमी तितं पायात बूट आन हातात पिशव्या घालून का हिंडता?"

"माझ्याकडनं डुकरांना काही लागू नये म्हणून, मामा."

मागच्या भिंतीच्या बायका हसल्या. म्हातारेही जरा ओशाळून बसले. पण एकजण बसल्या जागेवरून म्हणाला की असले धंदे आपल्या गावाला शोभत नाहीत, ते ज्यांचे त्यांनी आपल्या वस्तीत करावेत. त्याचा अर्थ तिथल्या प्रत्येकाला कळला होता.

आठवीतला तो शेवटचा बाक मला आठवला नाही, असं म्हटलं तर खोटं होईल. पण या वेळी मी गप्प बसणार नव्हते. मी सरपंचांकडेच वळले.

"सातबारा माझ्या नवऱ्याच्या नावावर हाय. हीच माझी वस्ती. शेड बंद करायची तर मला लेखी द्या. कारण लिहा. रोगाचं असेल तर रोगाचं लिहा, जातीचं असेल तर जातीचं लिहा. आणि खाली ज्यांना हे पटतंय त्यांनी सह्या करा. मग पुढं कुटं जायचं ते मी बघते."

ग्रामसेवकांनी पेन उचललं आणि परत ठेवलं. तेव्हा आमचे शेजारी उठले, तेच, ज्यांच्या पाहुण्याने डॉक्टरांना कळवू नका म्हणून सांगितलं होतं. घरी कानडी बोलणारी, मांसाला न शिवणारी माणसं. शेडच्या वासावरून वर्षभर त्यांचं आणि माझं वाकडं होतं. ते म्हणाले, "वास येतोय, ते खरं हाय. लई येतोय. पर रोगाचं ती खोटं बोलत न्हाय. डॉक्टर माझ्या म्हशी बघून गेलेत." एवढं बोलून ते बसले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

कागद कुणी लिहिला नाही. सही कुणी केली नाही. सभा पाण्याच्या टाकीच्या विषयाकडे वळली.

अहवाल आला तेव्हा अकरा पिल्लं गेली होती. आपल्याकडचा जुना ताप निघाला, लस असलेला. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं तेव्हा मी आधी सुटकेचा श्वास टाकला आणि दुसऱ्याच क्षणी माझं डोकं फिरलं. लस असलेला ताप, आणि माझ्या पिल्लांना लस दिलेली होती. मीच दिली होती, माझ्या हाताने. डॉक्टर आल्यावर मी जवळपास भांडलेच. लस खराब होती का? बर्फात नीट आली नव्हती का?

त्यांनी विचारलं, पिल्लांना कधी दिली?

मी सांगितलं. मोठ्यांना दिली त्याच दिवशी. एका बाटलीत बऱ्याच मात्रा असतात, आणि पाणी मिसळलं की ती तास-दोन तासांत संपवावी लागते. मोठ्यांना देऊन बाटलीत उरली होती. टाकून द्यायचा जीव होईना. पिल्लं तेव्हा महिन्याचीही नव्हती. दोन महिने होत आले की द्यायची, असं पुस्तकात होतं आणि मला ते माहीतही होतं. पण लवकर दिली तर लवकर संरक्षण, असा मी विचार केला.

डॉक्टर फाटकाबाहेरच्या त्याच दगडावर बसले आणि मला समजावून सांगितलं. डुकराचं पिल्लू जन्मताना कोरं असतं. पोटात असताना आईकडून त्याला रोगाविरुद्धचं काही मिळत नाही. जे मिळतं ते जन्मल्यावर, पहिल्या दिवसातल्या चिकातून. माझ्या डुकरिणी लस घेतलेल्या होत्या, त्यांचा चीक कसदार होता, म्हणून पिल्लांच्या रक्तात आईचं संरक्षण भरपूर होतं. लस म्हणजे दुबळा केलेला विषाणूच. तो आत गेला आणि आईच्या संरक्षणाने त्याला शत्रू समजून तिथल्या तिथं संपवलं. पिल्लाच्या शरीराला त्याची ओळखच झाली नाही. मग दोन महिन्यांत आईचं ओसरलं, स्वतःचं काही तयार झालेलं नव्हतं, आणि नेमका तेव्हा खरा ताप दारात आला.

"म्हणजे मी लस दिली आणि दिली नाही," मी म्हटलं.

"तसंच म्हणा," ते म्हणाले. "पण मोठ्या नऊच्या नऊ बघा."

नऊच्या नऊ उभ्या होत्या. त्याच शेडमध्ये, तापलेल्या पिल्लांपासून दोन हातांवर, एका कडप्प्याच्या आडोशाला. एकीलाही कणकण आली नव्हती. नरही ठणठणीत होता. त्याआधीच्या वेताची, वेळेवर लस दिलेली पिल्लंही वाचली. आजारी कप्प्यातली तीन तगली, खंगलेली पण जिवंत.

ताप कुणाच्या पायाने आला हे कधीच ठरलं नाही. डॉक्टर म्हणाले चप्पल असेल, टेंपो असेल, नीट न उकळलेलं एखादं घमेलं असेल. मी शोधायचं सोडलं. वडिलांवर सगळं ढकललं असतं तर माझी बाटली सुटली असती, आणि ती मला सोडायची नव्हती.

आठवड्याने मी आणि डॉक्टर बर्फाचा डबा घेऊन शहरात नाल्याकाठी गेलो. तिथल्या लोकांना लस टोचून घ्यायची नव्हती. सुई लावली की डुक्कर मरतं, ही तिथली समजूत. मी बोलून बघितलं. ज्या गल्लीत मी वाढले तिथंच मला कुणी ऐकेना. बूट घालून आलेली, शिकलेली, बापाला दारातून परत पाठवणारी, हे सगळं तिथं आधीच पोचलं होतं. एका चुलत्याने तोंडावर सांगितलं की तुझं शहाणपण तुझ्या शेडमध्ये ठेव.

वडील मागे उभे होते. पंधरा दिवस आम्ही बोललो नव्हतो. ते पुढे आले, चुलत्याला म्हणाले, "माझी आधी सात गेली, मागनं आनि चार. तुझी किती गेली ते तू सांगत न्हायस. हिची लस घेतलेली मोठी एक बी मेली न्हाय. मी ऱ्हायल्याली टोचून घेतो. तू बस बघत."

मग त्यांनी धोतराचा काचा मारला. मोकळं डुक्कर पकडणं सोपं नसतं. ते घसरतं, चावतं, नाल्यात उडी टाकतं. वडील वाकून मागून गेले आणि मागचा पाय असा धरला की डुकराला कळायच्या आत ते कुशीवर पडलं होतं. डॉक्टरांनी कानामागे टोचलं. दुसरं, तिसरं. साठी उलटलेला माणूस, आणि एकदाही हात चुकला नाही. गाभण होत्या त्या डॉक्टरांनी सोडून दिल्या. पाचव्या डुकराला चुलता स्वतः येऊन पाय धरू लागला. दुपारपर्यंत डबा रिकामा झाला, आणि उरलेल्या गल्लीने विचारलं की परत कधी येणार.

परतताना वडील बसथांब्यापर्यंत आले. माफी त्यांनी मागितली नाही, मीही मागितली नाही. त्यांनी विचारलं, "कधी येऊ तिकडं?" मी म्हटलं, अजून महिनाभर नाही. ते म्हणाले, बरं.

पावसाळ्यात शहरात डुकरं पाळणाऱ्यांसाठी एक प्रशिक्षण झालं आणि डॉक्टरांनी मला बोलायला लावलं. सुरुवात करायच्या आधी तिथल्या एका साहेबांनी बाजूला घेऊन विनंती केली की बोलताना 'वराह' म्हणा, डुक्कर म्हणू नका, ऐकायला बरं वाटत नाही. मी माइकसमोर गेले आणि पहिल्या वाक्यात पाच वेळा डुक्कर म्हटलं. समोरची माणसं सैलावून बसली. मग मी त्यांना माझी चूक सांगितली, बाटलीसकट.

शेवटी माळशिरसकडून आलेली एक बाई माझ्याजवळ आली. तिला शेड घालायची होती आणि घरातले, भावकीतले, गावातले सगळेच नको म्हणत होते. काय करू, तिने विचारलं.

"घाल," मी म्हटलं.

तिने दिवाळीनंतर घातली. आता तिच्याकडे चार डुकरिणी आहेत, आणि आठवड्यातून दोनदा ती मला फोन करून भांडते, कारण माझं सगळंच तिला पटत नाही.